वीतभर हवा

पळसबोडी, सानगडीजवळ
१२ ऑगस्ट १९७९

चि. कृष्णरावास,
यादोदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईची आणि माझ्या आईची आई एकच होती, हे ठाण्यात राहून तुला आठवते की नाही याची परीक्षा म्हणून हे पत्र. उत्तर आले तर पास. नाही आले तर मास्तर आहेच मी, पुन्हा बसवीन. इकडे सर्व ठीक. शाळेत यंदा संस्कृत घेणारे इतके थोडे आहेत की अनेकवचन वापरायची वेळच येत नाही, द्विवचनात भागते.

आता कामाचे. आपला जवाई सेवकराम, म्हणजे माझ्या सुशीचा नवरा, गावाबाहेरच्या विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहे हे तुला माहीत आहे. नोकरी अजून कच्ची. येत्या मार्चात पक्की होईल असे साहेब म्हणतात. पक्की झाली की क्वार्टर मिळणार, आणि सुशी माझ्या घरातली मागची खोली सोडून स्वतःच्या चुलीपुढे बसणार. खिडक्यांचे पडदे तिने आत्ताच शिवून ठेवले आहेत. खिडक्या किती आहेत हे अजून कोणी पाहिलेले नाही.

पण यंदाचे आभाळ नाटकी निघाले. गडगडाट पोटभर, पाणी शिंतोडाभर. तलावाचे पाणी मोरीच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या, खाली गेले, म्हणून लोकांनी तलावाच्या पाळीवर मोटारी बसवून ते धानाच्या बांध्यांत उपसायला घेतले आहे. आणि वर वीज कडाडली रे कडाडली की खालची वीज जाते. मोटार थांबते, पाइपातले पाणी परत तलावात. मग पुन्हा बादलीने पाणी ओतून मोटार चालू करा, तोवर पुन्हा कडकडाट. लोक थेट उपकेंद्राच्या फाटकावर जातात. तलावाच्या पाण्याची वाटणी आमचे भय्याजी करतात, त्यांचा परवाचा संवाद माझ्या कानांनी ऐकलेला:

"काहून रे सेवकराम, आभायातली वीज आली का तुयी वीज कायले पळून राहिली? सवत हाय का थे तिची?"

"भय्याजी, शिंगावर ठिणगी पडते अन् ब्रेकर उडते. मी नाही उडवत."

"शिंगं? बैल हाय का तुया ट्रान्सफॉर्मर?"

सेवकराम भांडत नाही. नुसता घामाने ओला होतो.

मी त्याला विचारले, या पेटाऱ्यात असते तरी काय? म्हणतो, तेल, तांब्याची तार आणि कागद. कागद! कृष्णा, मी जन्मभर कागदावर जगलो. पावसाच्या एका थेंबाने त्याचा लगदा होतो. तो इंद्राच्या वज्रापुढे कसा उभा राहतो? मला समजेल असे लिही. मी लोकांना वाचून दाखवीन, म्हणजे जवायामागचा ससेमिरा सुटेल.

तुझा
यादोदादा


ठाणे
२१ ऑगस्ट १९७९

ती. यादोदादास,
कृष्णाचा साष्टांग नमस्कार.

परीक्षेला बसतो आहे. गुण सढळ हाताने द्यावेत.

तुमच्या इंद्राचं काम मी इथे पगारावर करतो. आमच्या चाचणीघरात तयार ट्रान्सफॉर्मरवर कृत्रिम वीज पाडतात. आधी हलका तडाखा, मग पूर्ण. दोन्ही वेळी पडद्यावर जी रेघ उमटते तिचा फोटो घेतात आणि दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवतात. रेघा जुळल्या तर आतला कागद शाबूत. कुठे जरा दात पडला असेल तर ट्रान्सफॉर्मर परत उघडायचा.

तो कागद तुमच्या वहीचा नव्हे. तारेवर पट्ट्यांनी घट्ट गुंडाळतात, भट्टीत वाळवतात, हवा ओढून काढतात आणि मग तेलात मुरवतात. कोरडा आहे तोवर तो फार सोसतो. रोजची वीज तर सगळ्या वेढ्यांमध्ये सारखी वाटली जाते, पंगतीत वाढल्यासारखी. पण आभाळातली वीज तारेवर पडली की तिची लाट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात चढते. तेवढ्यात वाटणी कुठली व्हायला? दाराशी बसलेल्या पहिल्या काही वेढ्यांवर सगळं येऊन आदळतं, मागच्यांना पत्ताही नसतो. कागद फुटतो तो तिथे.

म्हणून लाटेला दाराबाहेरच अडवायचं. त्यासाठी तडितरोधक नावाची वस्तू असते. तुमच्याकडची जळाली असून नवीन आलेली नाही, असं सेवकरामने मागे लिहिलं होतं. मग उरतात ती शिंगं. चिनीमातीच्या नळीवर एक लोखंडी दांडी वर, एक खाली, मध्ये वीतभर हवा. लाट आली की कागदाआधी ही हवा फुटते आणि वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. मात्र त्या ठिणगीच्या वाटेने रोजची वीजही वाहू लागते, म्हणून ब्रेकर उडतो, म्हणून भय्याजी चिडतात. फट चार बोटं वाढवली तर हे दिवे जाणं जवळपास थांबेल.

[दुसरा कागद]

पण तसं केलं की लाटेसमोर उभा राहतो तो कागद. हवा फुटली तर क्षणात पुन्हा सांधते. कागद एकदा फुटला की फुटला. दिवे जातात म्हणजे राखण चालू आहे, एवढंच लोकांना सांगा, आणि दांड्यांना कोणालाही हात लावू देऊ नका. सुशीला आशीर्वाद. पडद्यांचा रंग कोणता?

आपला
कृष्णा


पळसबोडी
३ सप्टेंबर १९७९

चि. कृष्णरावास,
आशीर्वाद.

शंभरपैकी शंभर. पडदे पिवळे आहेत. आणि तू इथे आता प्रातःस्मरणीय झाला आहेस.

चातुर्मासाची पोथी मी मंदिरात वाचतो. त्या दिवशी अध्याय संपल्यावर तुझे पत्र काढले. पोथी वाचणाऱ्याची रीत तुला माहीत आहे. श्रोता मांडी बदलून पुढे सरकला की त्याच जागी थांबायचे, बाकीचे उद्या. नाहीतर उद्या येतो कोण? तुझ्या वाढणाऱ्या पंगतीला लोक हसले, वज्राला माना डोलल्या, आणि तुझा पहिला कागद नेमका अशा जागी संपला की भय्याजी मांडी सोडून गुडघ्यांवर आले: "फट चार बोटं वाढवली तर हे दिवे जाणं जवळपास थांबेल." अशी जागा मोठमोठ्या ग्रंथकारांना साधत नाही. मी कागद मिटला. आरती झाली.

दुसऱ्या दिवशी उत्तरार्ध वाचायला बसलो तर समोर बेबीबाई आणि एक झोपलेले आजोबा. बाकीचे श्रोते सकाळीच फाटकावर जाऊन आले होते.

सेवकराम आधी ऐकेना. "साकोलीच्या साहेबाले इचारतो" म्हणाला. भय्याजी म्हणाले, "तुयाच काकसासऱ्यानं लिवलं ना बाबू? साकोलीचा साहेब मोठा का ठान्याचा?" तो शाळेत माझ्याकडे आला. मी वर्गावर होतो. दारातूनच विचारले, "बाबाजी, काकाजीनं तसं लिवलं का?" मी म्हणालो, "लिहिलं आहे." खोटे काय होते त्यात? त्याने पुरवठा बंद करून फट चार बोटे वाढवली.

त्यानंतर दोनदा आभाळ फाटल्यासारखे कडाडले. दिवा मिचकला नाही. मोटारी चालूच. भय्याजींनी तुझ्या नावाने नारळ फोडला आणि सेवकरामच्या घरी, म्हणजे माझ्याच घरी, दुधी भोपळा पाठवला.

तुझा दुसरा कागद मी नंतर नीट वाचला. जरा चरकलो, पण आमच्या ग्रंथांतही शेवटी असे इशारे असतातच. नेम मोडणारा नरकात जातो वगैरे. जाऊन आलेला अजून कोणी भेटला नाही.

तुझा
यादोदादा


ठाणे
१० सप्टेंबर १९७९

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

माझी तार या पत्राआधी पोचली असेल. तीत लिहिलं तेच पुन्हा लिहितो. दांड्या पूर्वीच्या अंतरावर आणा. आजच.

दोन वादळांत काही झालं नाही, यावर जाऊ नका. दिवा मिचकला नाही म्हणजे लाट आत गेली आणि कागदाने ती सोसली. किती सोसली, कुठे खचला, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. मलाही दिसणार नाही. सेवकरामला सांगा, तासाभराचं काम आहे. साहेबांना आत्ता काही कळवू नकोस म्हणावं, आधी अंतर नीट कर.

दादा, तुमची पत्रं मी इथे मित्रांना वाचून दाखवतो, ते हसतात. हे शेवटचं मी कोणाला दाखवलं नाही. या एका गोष्टीची थट्टा करू नका.

आपला
कृष्णा


पळसबोडी
२५ सप्टेंबर १९७९

कृष्णा,

तार मिळाली होती. ज्या दिवशी मिळाली त्याच दिवशी सेवकराम पाना घेऊन निघाला. मी बरोबर गेलो, लोकांना समजावून सांगावे म्हणून.

फाटकावर भय्याजी, ताराचंद आणि आणखी बरेच. हलके धान पोटरीवर आलेले. याच चार दिवसांत पाणी मिळाले तर दाणा, नाहीतर पेंढा. भय्याजी ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरे झाले असते. हात जोडून म्हणाले, "बाबू, आज बंद नोको करू. आज मायी बांधी, उद्या ताराचंदची. परवा तुया हातानं कर. परवा आमी मोटारी उचलतो, मंग महिनाभर बंद ठेव."

मी पत्राचा दुसरा भाग तोंडाने सांगितला. ताराचंद म्हणाला, "गुरुजी, थे तवाच सांगाचं व्हतं."

सेवकरामने माझ्याकडे पाहिले. पाना त्याच्या हातात होता. मी म्हणालो, "परवा म्हणतात तर परवा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शाळेची मधली सुटी असताना, ईशान्येकडून ढग आले. एकच वीज पडली. आवाज आभाळातून आला आणि लगेच दुसरा जमिनीवरून, भरल्या हंड्यावर घण घातल्यासारखा. मी धावलो. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावरच्या नळीतून तेल उसळले होते, सगळीकडे काळे शिंतोडे. माणूस कोणी दुखावले नाही. सेवकराम वाळूची बादली घेऊन नुसता उभा होता. आग नव्हतीच, वाळू टाकायची कुठे?

दिवे गेले ते अजून गेलेलेच आहेत. धान उभे वाळते आहे. सेवकराम निलंबित.

चौकशीचे साहेब आले. भय्याजींनी जबानी दिली, "आमाले त्यातलं काय समजते, साहेब?" ताराचंद म्हणाला, मी त्या दिवशी आंधळगावला होतो. सेवकराम म्हणाला, मीच केलो. कोणी सांगितले? कोणी नाही. मला साहेबांनी बोलावलेच नाही. आणि मीही आपणहून गेलो नाही. सकाळी उठून फेटा बांधला होता. मग सोडून ठेवला.

तो ट्रान्सफॉर्मर तुमच्याच कारखान्यात बनलेला आहे, म्हणून उघडायला तिकडेच येतो आहे. अहवाल तुझ्या सहीने जाईल. कृष्णा, एक वाक्य लिही. कागद आधीपासून ओला होता, फटीचा संबंध नाही, एवढेच. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वाक्यांचे अन्वय लावत आलो. वाक्याची भीक पहिल्यांदा मागतो आहे.

यादोदादा


ठाणे
९ नोव्हेंबर १९७९

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

काल उघडला. मी स्वतः उभा होतो.

लाइनच्या बाजूचे पहिले वेढे उलगडल्यावर कागदात एक भोक दिसलं, केसाएवढं. भोवती कोळशाच्या बारीक फांद्या, पानं गळलेल्या झाडासारख्या. तिथून पुढे तांबं वितळलेलं. बाकीचा सगळा कागद मात्र मऊ, सोनेरी, कालच गुंडाळल्यासारखा. तेलातल्या पाण्याचा अंश मोजला, दोनदा. इतक्या कोरड्या स्थितीत आमच्याकडे आलेला दुसरा ट्रान्सफॉर्मर मला आठवत नाही.

तरीही मी एक मसुदा करून ठेवला आहे. "ओलाव्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही." असं लिहिलं की प्रश्न येईल, ओलावा आला कुठून? एकतर आमच्या भट्टीतून, म्हणजे भट्टीवरचा माणूस जाईल. नाहीतर तिकडच्या देखभालीतून, म्हणजे पुन्हा सेवकरामच. मधली वाट मला सापडत नाही. मी खालच्या आवाजात लिहायला तयार आहे, पण कोणाच्या डोक्यावर ते पडू द्यायचं, हे मी आणि तुम्ही ठरवू नये. सेवकरामला मी वेगळं पत्र टाकून विचारलं आहे. तो म्हणेल तसं करीन.

आपला
कृष्णा


पळसबोडी
१८ नोव्हेंबर १९७९

ती. काकाजीस,
सेवकरामचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. तुमी इचारलं का कागद ओला व्हता असं लिवू का. लिवू नका.

ट्रान्सफॉर्मर जे हवा घेते थे एका बरणीतून घेते, तिच्यात निळे दाने रायतात, तुमाले माहीतच हाय. पानी लागलं का थे गुलाबी होतेत. मी कधी गुलाबी होऊ देलो नाही. जरासा रंग फिरला का घरी आनून तव्यावर भाजून पुन्ना निळे करत व्हतो. सुशीलेच्या तव्यावर. थे रागवे, म्हने भाकरीले निळा डाग लागते, मंग तिनं मले तो तवाच देऊन टाकला अन् आपल्यासाठी मातीचा आनला. आता तुमी ओला व्हता लिवलं तं माह्या हातून एकई गोष्ट बरी झाली नाही असं होते.

फट मी वाढवलो. लोकाइचं धान वाचाव म्हनून वाढवलो. पाना माह्या हातात व्हता, बाबाजीच्या नाही, म्हनून त्याइचं नाव घेतलो नाही. घेतलो असतो तं त्याइची मास्तरकी गेली असती अन् माही नोकरी वापस आली नसती. घरात एक तरी पगार पायजे.

बाबाजी आताशा माह्याशी बोलत नाही. रागावले नसन. पन ताटावर बसले का खाली पायतेत. तुमी त्याइले लिवजा का मले राग नाही. मी तोंडानं सांगतो तं थे उठून जातेत.

तुमचा
सेवकराम


पळसबोडी
१७ फेब्रुवारी १९८०

चि. कृष्णास,

तुझा अहवाल खरा गेला, बरे केलेस. चौकशीच्या निकालात तो एका ओळीत आला. बाकीच्या ओळी सेवकरामच्या जबानीच्या होत्या. नोकरीतून काढले. क्वार्टर दुसऱ्याला मिळाले. पिवळे पडदे सुशीने उसवून उशांचे अभ्रे केले.

धान निसवलेच नाही, लोंबी बाहेर आलीच नाही. लोकांनी ते हिरवे होते तोवर जनावरांसाठी कापले, उरले ते उभेच राहिले. तलावात आता म्हशी बसतात, आणि बसल्या तरी पाठ कोरडी राहते. मोटारी लोकांनी घरी नेऊन ठेवल्या. अशा वेळी, मागच्या आठवड्यात, नवा ट्रान्सफॉर्मर आला. तडितरोधकांसकट. त्याला इथे सध्या काम असे काही नाही.

भिलाईत एका ठेकेदाराकडे हमालीचे काम आहे असे सेवकरामला कोणी सांगितले. दोघांनी जायचे ठरवले. सुशीला दिवस गेले आहेत, इथेच राहा म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, इथं राहून पाहू कोनाकडं?" माझ्याकडे पाहा, असे म्हणावेसे वाटले. म्हटले नाही.

जायचा दिवस परवाचा होता. सकाळी भय्याजी दारात. "गुरुजी, आज मशीन चालू करतेत. भटजी साकोलीले अटकले. तुमीच दोन मंतर म्हना." त्यांना बरेच काही बोलता आले असते. शब्दांची मला कधी टंचाई पडलेली नाही. मी म्हणालो, "आंघोळ करून येतो."

सुशी ट्रंक बांधत होती. धूतवस्त्र पाहून म्हणाली, "जाता का?"

"बोलावलंय."

"मंग जा. गाडीले वेळ हाय अजून."

बस उपकेंद्राच्या फाटकासमोरूनच जाते, तिथेच थांबते. मी पाट मांडून, फाटकाकडे पाठ करून बसलो. पूर्वेकडे तोंड पाहिजे, शास्त्रच तसे आहे. मंत्र स्वच्छ म्हटले, एक स्वर चुकला नाही. भय्याजींनी नारळ फोडला. मागे बस आल्याचा आवाज आला, टपावर ट्रंक आपटली, बस गेली. मी अक्षता टाकत होतो.

प्रसाद वाटताना नवा ऑपरेटर जवळ आला. बपेऱ्याकडचा आहे, चांगला मुलगा वाटला. म्हणाला, "गुरुजी, तुमी पूजेवर व्हते तवा एक मानूस फाटकाच्या सळया धरून उभा व्हता. बाई व्हती संगं. लय वेळ मशीनकडं पाहे. मी म्हटलं आत या, तं नाही म्हने. कोन व्हते थे?"

भय्याजी बाजूलाच होते. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "असतील कोणी. बसची वाट पाहत असतील."

यादोदादा